‘केवळ’ आणि ‘मूलतः’ : अंतर्गत अधिकारकक्षेच्या एका कलमाविषयी

राष्ट्रसंघाच्या १९१९ च्या करारनाम्यातील १५ व्या कलमात असे म्हटले होते की, एखादा तंटा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार केवळ एका राज्याच्या अंतर्गत अधिकारकक्षेतील आहे असे कौन्सिलला आढळल्यास तिने त्यासंबंधी शिफारस करू नये. १९४५ साली सान फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद सिद्ध झाली, तेव्हा २ ऱ्या कलमाच्या ७ व्या पोटकलमात ‘केवळ’च्या जागी ‘मूलतः’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला. भाषेच्या अभ्यासकास हा बदल सामान्य वाटणार नाही. ‘केवळ’ हा शब्द अपवाद सहन करीत नाही. बाह्य जगाशी एक धागा जुळला तरी तो लागू पडेनासा होतो. ‘मूलतः’ असे धागे मान्य करूनही आपला हक्क राखतो. राज्यांनी आपले कुंपण पुढे सरकविले ते असे. परंतु त्याच वेळी ‘आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार’ हे शब्द गळाले आणि निर्णय कोणी करावयाचा हेही सांगावयाचे राहिले.

या मौनाचे फळ १९४६ मध्येच दिसले. नाताळ व ट्रान्सव्हालमधील हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर निर्बंध घालणारा कायदा त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत झाला, आणि २२ जून रोजी हिंदुस्थान सरकारने तो प्रश्न आमसभेपुढे नेण्याची मागणी केली. देश अद्याप ब्रिटिश सत्तेखाली होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्यांचा सनदेच्या प्रास्ताविकात हात होता, त्याच स्मट्स यांनी ही अंतर्गत बाब असल्याचा आक्षेप घेतला व आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवावे असे सुचविले. हिंदी शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छगला हेही त्यात होते. १९२७ च्या केपटाउन करारामुळे हा विषय दोन सरकारांमधील झालाच आहे, ही हिंदी बाजूची भक्कम जागा होती. न्यायालयाकडे जाण्यास मात्र तिने विरोध केला.

८ डिसेंबर रोजी ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक होते. एक मत उलट पडते, तर ३१ विरुद्ध १६ या मतविभागणीने ठराव फेटाळला गेला असता.

माझ्या मते या विजयाची किंमत पुरेशी मोजली गेलेली नाही. स्मट्स यांचा हेतू कालहरणाचा असेल; तरी न्यायालयाचे मत आले असते, तर ‘मूलतः’ची मर्यादा कायद्याने ठरण्याचा संभव होता. ती मतांनी ठरली. पुढे स्वतःवर प्रसंग येताच भारतासह अनेक राज्यांनी ‘अंतर्गत बाब’ हाच आश्रय घेतला, आणि तो नाकारण्यास कायद्याचे निश्चित माप कोणाच्या हाती नव्हते.

शिवाय १९४६ चा ठराव हिंदी लोकांपुरताच होता. तेथील बहुसंख्य आफ्रिकी जनतेचा, म्हणजे वर्णविद्वेषी धोरणाचा समग्र प्रश्न १३ राष्ट्रांनी १९५२ मध्ये मांडला. आमसभेने तीन सदस्यांचा आयोग नेमला. दक्षिण आफ्रिकेने त्याला देशात पाऊल ठेवू दिले नाही.