चित्रपटातील प्रतिबिंब : श्रद्धेकडून प्रकाशाकडे

प्रस्तावना :
स्वतंत्रपणे चित्रित केलेली दोन दृश्ये एकाच चौकटीत जोडण्याची कला जवळजवळ चित्रपटाइतकीच जुनी आहे. ही जोडणी प्रेक्षकास खरी का वाटते, याचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले. महाराष्ट्रात निर्माण झालेले दोन चित्रपट व आजचे संगणकीय तंत्र यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेण्यात आला आहे.

विवेचन :
दादासाहेब फाळके यांच्या 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) या मूकपटात भयभीत कंसाला आपल्याभोवती अनेक कृष्ण दिसतात. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून असा परिणाम त्या काळी साधला जात असे. कृष्णाच्या प्रतिमा महालातील प्रकाशाशी जुळतात किंवा नाही, हा प्रश्न प्रेक्षकांच्या दृष्टीने गौण होता. कथा परिचित होती आणि जोडणीतील उणीव श्रद्धा भरून काढीत होती.

प्रभात फिल्म कंपनीच्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटास असा आधार नव्हता. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारित ही कथा जरठ-बाला विवाहाची होती. व्ही. शांताराम यांनी येथे पार्श्वसंगीत टाळून दृश्यातूनच निर्माण होणारे आवाज वापरले. आरशाचा वापरही याच शिस्तीत बसतो. केशवराव दाते यांनी साकारलेल्या वृद्ध काकासाहेबांना फुटलेल्या आरशात आपल्याच अनेक प्रतिमा दिसतात. कंसाप्रमाणे तेही अनेक रूपांनी वेढले जातात. परंतु येथे देव नसून स्वतःचेच वार्धक्य समोर उभे राहते व त्यास साक्ष आहे ती घरातल्या आरशाची.

आज चित्रपटातील मोबाइलच्या पडद्यावरील दृश्य बहुधा नंतर बसविले जाते. केवळ चित्र चिकटविल्यास ते कागदासारखे निर्जीव भासते, कारण काच स्वतःवर पडणाऱ्या प्रकाशाचा काही अंश परावर्तित करते. समोरून पाहता साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत येतो व तिरकस कोनातून हे प्रमाण वाढते. त्यामुळे कुशल तंत्रज्ञ मोबाइल बंद ठेवून चित्रण करतो. काळ्या काचेवर उमटलेली खिडकी, दिवा व चेहरा यांची प्रतिबिंबे जपून ती नव्या चित्रावर प्रकाशाच्या रूपाने मिळविली जातात. हिरवा पडदा वापरल्यास ही प्रतिबिंबे हिरव्या रंगात मिसळतात व ती पुन्हा घडवावी लागतात.

निष्कर्ष :
फाळके यांच्या काळी जोडणीस श्रद्धेचा आधार होता, 'कुंकू'मध्ये तो परिचित वस्तूने दिला आणि आज तो प्रकाशाच्या नियमांतून मिळतो. मात्र प्रतिबिंबच घडविता येऊ लागल्याने ते चित्राच्या खरेपणाचा पुरावा उरत नाही. चलतचित्रास साधन मानणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाने चित्र कोठून आले, कोणाच्या हातून गेले, याचीही चिकित्सा करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.