बसलेला केक कोणाच्या नावे?

बँकेत हिशेब जुळला नाही की आमच्याकडे एक सोय असते. तिला सस्पेन्स खातं म्हणतात. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची आणि घरी जाऊन निवांत जेवायचं. स्वयंपाकघरात ही सोय नाही. तिथे जे बिघडेल ते तत्काळ रांधणारीच्या नावे पडतं. भाकरी फुगली नाही? हिचा हातच तसा. डाळ शिजली नाही? हिचं लक्षच नव्हतं. वाण्याने जुनी डाळ दिली असेल, असं कोणी म्हणत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथे १८५८-५९ साली सोन्याच्या ओढीने सपाटीवरची माणसं लोटली. त्यांच्याबरोबर आणि मागोमाग घरच्या पाककृतीही डोंगर चढल्या. सपाटीवरची फावडी वर चालली, पाककृती मात्र चालेनात. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर, लेडव्हिल तर दहा हजारांच्याही वर! आजीच्या मापाने केक करावा, तर भट्टीत तो आधी नवऱ्या मुलासारखा ऐटीत वर येई आणि मग मधोमध मटकन खाली बसे.

कारण साधं आहे. उंचावर हवेचा दाब कमी. बेकिंग पावडरीतून निघणारा वायू एरवी त्या दाबाखाली जरा अदबीने असतो. दाब कमी झाला की तो, साहेब रजेवर गेल्यावर आमचा विभाग पसरतो तसा, पसरतो. पिठाच्या भिंती अजून ओल्याच असतात. त्या ताणून फुटतात. शिवाय वर पाणी लवकर उडतं, त्यामुळे उरलेल्या ओलीत साखर जास्त होते आणि केक आळायला आणखी उशीर लागतो. पण हे कळेपर्यंत किती जणींनी आपल्याच हाताला बोल लावून घेतला असेल, देव जाणे. सासवा तिकडेही असतातच.

पुरुष रांधतात तेव्हा दोष कुठे जातो, याचीही नोंद आहे बरं का! १८३५ च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता. रात्रभर विस्तवावर ठेवलेले बटाटे सकाळी पुन्हा उकळले, तरी कच्चेच. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, हे डार्विन जाणून होता. त्याच्या सोबत्यांनी मात्र आपापसात निकाल लावून टाकला, की भांडं नवं आहे आणि त्या मेल्याच्याच मनात बटाटे शिजवायचे नाहीत. रांधणाऱ्याच्या हाताचा उल्लेखसुद्धा नाही!

कोलोरॅडोतल्या बायकांची बाजू शेवटी एका बाईनेच घेतली. इंगा ॲलिसन या फोर्ट कॉलिन्सच्या शेतकी कॉलेजात गृहशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. १९२० नंतरच्या दशकात त्यांच्या खटपटीतून तिथे एक पोलादी खोली उभी राहिली. तिच्यातला हवेचा दाब हवा तसा कमी-जास्त करता येई. म्हणजे जागचं न हलता डोंगर चढायचा आणि वर जाऊन केक भाजायचा. (आमच्या ऑफिसात असली खोली असती, तर बदलीच्या अर्जांचा ढीग निम्मा झाला असता.) १९३० साली मार्जोरी पीटरसन यांची पुस्तिका तिथल्या संशोधन केंद्राने काढली. या कामातून मापं बदलली. जसजसं उंच जावं तसतशी बेकिंग पावडर कमी, साखर थोडी कमी, दूध-पाणी जरा जास्त. भट्टीही थोडी अधिक तापवायची, म्हणजे भिंती लवकर धरतात. चमचाभर पावडरीने इतक्या वर्षांची बदनामी मिटली, हे मला सोन्याच्या खाणीपेक्षा मोठं वाटतं.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. पाणी तिथे ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. हे सगळं मी घरी मोठ्या हौसेने सांगितलं. सौ.ने शांतपणे विचारलं, "अहो, आपलं पुणं किती फुटांवर?"

"साधारण अठराशे."

"म्हणजे दोन अंश तरी कमी. सासूबाईंना तुम्ही सांगता, की मी सांगू?"