बिनडोक बासची गोष्ट

आमच्या बँडमध्ये बास मी वाजवते आणि मी डोंबिवलीला राहते. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. साधा बास गिटार साधारण ४६ इंच लांब असतो. पाठीवर बॅग अडकवली की त्याचं डोकं माझ्या डोक्याच्या वर हातभर जातं. दादरला संध्याकाळच्या फास्टमध्ये हे घेऊन चढून बघा. लेडीज डब्यात मला सगळे ओळखतात, पण प्रेमाने नाही. "तुझी ती वीणा आवर गं," असं एक काकू दर शुक्रवारी म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याला उतरताना मी बाहेर आले आणि बासचं डोकं दाराच्या दांड्यात अडकून आत राहिलं. मागून लोंढा होताच. बास सुटला, पण वरची एक ट्यूनिंग की वाकली आणि लाकडाला बारीक चीर गेली. त्या रात्री मी फोनवर 'हेडलेस बास' शोधायला सुरुवात केली. म्हणजे डोकं नसलेला बास. तारा पिळायच्या खुंट्या वरच्या टोकाला नसून खाली, ब्रिजच्या मागे. लांबी साधारण ३९ इंच. सात इंचांचा फरक कागदावर काहीच नाही. लोकलमध्ये तो माणुसकीइतका मोठा आहे.

नवे हेडलेस बास माझ्या आवाक्याबाहेरचे होते. जुन्यात दोन महिने काही सापडलं नाही. मग एका ओळखीच्या ड्रमरने चार फोटो पाठवले. वसईचे एक अंकल, जहाजावर वाजवायचे, आता विकतायत, किंमत चाळीस हजार. फोटोत काळा, चौकोनी, होडीच्या वल्ह्यासारखा बास. खाली अंकलचा मेसेज : 'ओरिजिनल स्टाइनबर्गर.'

मी फोन उलटा ठेवला. मग परत सुलटा केला.

माझी ही धडधड कळायची तर आधी थोडं मागे जावं लागेल.

इलेक्ट्रिक बास हे तसं तरुण वाद्य. १९३०च्या दशकात सिएटलमध्ये पॉल टटमार्क नावाच्या माणसाने एक करून पाहिला होता, पण तो फारसा पसरला नाही. खरी सुरुवात १९५१ची, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनची. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याआधी बास म्हणजे माणसाएवढा उभा डबल बास. तो वाहून न्यायचा म्हणजे हमालीच, आणि इतकं करून बाकीच्या वाद्यांच्या गोंगाटात तो ऐकूही यायचा नाही. फेंडरने तो आडवा केला, गळ्यात अडकवला, फ्रेट्स बसवल्या म्हणजे सूर नेमका लागेल. म्हणून नाव 'प्रिसिजन'. तारेची वाजणारी लांबी त्याने ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बास तेवढेच असतात. गंमत म्हणजे फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

खुंट्या मात्र त्याने होत्या तिथेच, वर ठेवल्या. व्हायोलिनला वर, गिटारला वर, म्हणून बासलाही वर. कुणी प्रश्न विचारला नाही. पण बासच्या खुंट्या जाडजूड, गळा लांब. त्यामुळे हात सोडला की गळा जमिनीकडे झुकतो. डावा हात सूर धरायचं सोडून वजन पेलत बसतो. दुसरी भानगड कानाला कळणारी. असे बास हातात घ्या, सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर सापडतो जो वाजल्या वाजल्या मरतो. गळा आणि डोकं मिळून त्याच कंपनाला डोलायला लागतात आणि तारेची ताकद शोषून घेतात. बासवाले तो सूर कुठे आहे हे पाठ करतात आणि चुकवून पुढे जातात, रस्त्यातल्या ओळखीच्या खड्ड्यासारखा.

१९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नेड स्टाइनबर्गर नावाचा तरुण फर्निचर करत होता. त्याच सुतारशाळेत स्टुअर्ट स्पेक्टर गिटार घडवायचा. नेड बघत बसायचा. त्यालाही वाजवता येत नव्हतं. (वाद्यांच्या इतिहासात न वाजवणाऱ्यांनी बराच गोंधळ घातलाय.) खुर्ची करणारा माणूस वाद्याकडे बघतो तेव्हा त्याला आधी माणसाचं अंग दिसतं. १९७७च्या सुमारास त्याने स्पेक्टरसाठी पोटाला लागून बसेल असा किंचित वाकलेला बास आखला. तो नमुना अजून विकला जातो. पण गळा झुकायचाच. मग त्याने खुंट्या खाली नेल्या. आणि खुंट्या खाली गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आता वरच्या डोक्याला काही कामच उरलेलं नाही.

हे वाचताना मला आजीचा तानपुरा आठवला. मिरजेचा. वर खुंट्या आहेतच, पण खाली, घोडीच्या पलीकडे, तारांत मणी ओवलेले असतात. मोठा फरक खुंटीने, बारीक फरक मण्याने. तारेला खालूनही सुरात आणता येतं हे आमच्या माजघरात कधीचं माहीत होतं. नेडने मात्र सगळंच काम खाली दिलं.

लाकूडही त्याने सोडलं. कार्बन आणि काच यांचे धागे इपॉक्सीत बसवून गळा आणि अंग साच्यातून काढलं. ना हवामानाने वाकणार, ना मधेच सूर गिळणार. प्रस्थापित कंपन्यांनी या प्राण्याला दारात उभं केलं नाही, तेव्हा १९८०मध्ये स्टाइनबर्गर साउंड ही स्वतःची कंपनी निघाली. बासचं नाव एल-२. पुढच्याच वर्षी त्याला औद्योगिक डिझाइनचा मोठा पुरस्कार मिळाला. नेडचे वडील जॅक स्टाइनबर्गर हे भौतिकशास्त्रज्ञ, १९८८ साली न्यूट्रिनोवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले. घरातच तसं वातावरण होतं, असं एखादं वाक्य टाकायचा मोह होतोय, पण आवरते.

रश बँडचा गेडी ली, पोलिसचा स्टिंग, टोनी लेविन अशा लोकांच्या हातात तो दिसायला लागला आणि काही वर्षं भविष्यकाळ असाच दिसेल असं वाटलं. मग दशकाच्या उत्तरार्धात कंपनी गिब्सनकडे गेली आणि नव्वदीत लोकांना पुन्हा जुनाट, लाकडी, ओरखडे पडलेल्या गिटार आवडायला लागल्या. हेडलेस हा ऐंशीच्या दशकातल्या फुगवलेल्या केसांसारखा चेष्टेचा विषय झाला. आता पुन्हा दिवस पालटलेत. स्वीडनच्या स्ट्रँडबर्गने हेडलेस गिटार परत आणली, २०२०मध्ये आयबानेझने बासची अख्खी मालिका काढली. आणि जुन्या, खऱ्या एल-२ची किंमत आज लाखांत आहे.

म्हणून धडधड. अंकल चाळीस हजार म्हणत होते.

आता कबूल करायची गोष्ट. मी त्यांना फोन केला, पत्ता घेतला, वेळ ठरवली आणि किंमतीबद्दल एक अक्षर बोलले नाही. 'अंकल, हा ओरिजिनल असेल तर तुम्ही फार कमी मागताय,' हे वाक्य मला येत होतं. मी ते बोलले नाही. दिवा-वसई गाडीत खारबाव, कामण गेलं, खाडी गेली, आणि मी मनातल्या मनात तो बास विकून त्यातून काय काय येईल याचा हिशोब करत होते.

अंकलचं घर वसई पश्चिमेला, विहीर आणि केळी असलेल्या वाडीत. सत्तरीपुढचं वय. उजव्या हाताची बोटं सांध्यांवर सुजलेली. "ये बाय, बस. ट्रेन मिळाली काय वेळेवर?" आंटीने सरबत दिलं. अंकल ऐंशीच्या दशकात क्रूझ जहाजांवरच्या बँडमध्ये होते. रोज रात्री चार तास, नऊ-नऊ महिने. त्यांचे गुरू म्हणजे रेकॉर्डवर ऐकलेले टोनी वाझ, आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले. मार्च १९८०मध्ये पोलिस मुंबईत वाजवून गेले तेव्हा अंकल ऐकायला गेले होते. पुढे कुठल्याशा मासिकात स्टिंगच्या हातात हे बिनडोक वाद्य दिसलं आणि मनात भरलं. तेव्हा आपल्याकडे परदेशी वाद्य म्हणजे भरमसाट आयात शुल्क आणि परकीय चलनाची मारामार. वाद्यं यायची ती बोटीवरच्या माणसांच्या सामानातून. १९८८मध्ये सिंगापूरला एका फिलिपिनो बासवाल्याने त्यांना हा विकला. नऊशे डॉलर. "दोन मयन्यांचा पगार," अंकल म्हणाले. "पण बंकच्या खाली बरोबर जायचा. दुसरा कुठला बास जातो सांग?"

मी बास मांडीवर घेतला. जड होता, पण तोल सुरेख. हात सोडला तरी गळा होता तिथेच राहिला. पुलाच्या धातूवर 'स्टाइनबर्गर' हा शब्द कोरलेला होता. मी त्याच्या आधीचे शब्द वाचले. 'च्या परवान्याने.' मग बास उलटा केला. मागच्या कडेला पट्ट्याच्या बटणाजवळ काळा रंग टवका उडून निघाला होता आणि आत फिकट, पिवळसर, रेषा असलेलं काहीतरी दिसत होतं.

लाकूड. मेपल.

हा होनरचा बी-२ होता. होनर म्हणजे १८५७पासून माउथऑर्गन करणारी जर्मनीच्या ट्रॉसिंगेन गावातली कंपनी. माझ्या बाबांच्या कपाटात त्यांचा एक माउथऑर्गन आहे. ऐंशीच्या दशकात स्टाइनबर्गरने आपलं तंत्र वापरायचा परवाना होनरला दिला आणि होनरने कोरियातल्या कारखान्यात तसेच बास करून घेतले, फक्त लाकडाचे. नक्कल नाही, चोरी तर नाहीच. ज्यांना एल-२ परवडत नव्हता त्यांच्यासाठी रीतसर केलेला बास. वरचं होनरचं नाव घासून गेलं होतं, किंवा कुणीतरी घासलं होतं.

आता मी चाळीस हजार दिले असते तर मी फसले असते. अर्ध्या तासापूर्वी मी त्यांना फसवायला निघाले होते. सरबताचा ग्लास हातात होता.

मी सांगितलं. टवका दाखवला, परवान्याचे शब्द दाखवले. फोनवर एल-२चे फोटो दाखवले. अंकलनी चष्मा लावून टवक्यावरून अंगठा फिरवला. पस्तीस वर्षांत त्यांनी तो पाहिला नसेल असं नाही. आंटी दारातून म्हणाल्या, "मी तेव्हाच बोलली होती, तो मनीलावाला जास्त गोड बोलतो." अंकल काही बोलले नाहीत. बराच वेळ. मग त्यांनी बास माझ्याकडून घेतला, छोट्या अ‍ॅम्पमध्ये वायर खुपसली आणि सुजलेल्या बोटांनी एक वॉल्ट्झ वाजवला. वेग नव्हता. पण प्रत्येक सूर जिथे पडायला हवा तिथे पडत होता, आणि बारीक तारेवरच्या सहाव्या फ्रेटचा सूर, मी कान लावून ऐकला, तोही जगला. लाकडाचा असून. डोकं नसल्याचा तेवढा तरी फायदा होत असावा.

"तू सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," ते म्हणाले.

मी गाडीतला हिशोब त्यांना सांगितला नाही. तो इथेच पहिल्यांदा सांगतेय.

किंमत त्यांनीच खाली आणली, पंचवीसवर. मी अठ्ठावीस दिले. थोडी ओढाताण झाली, आंटीने पैसे घेतले. निघताना अंकलनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. आत तारांचं न उघडलेलं एक पाकीट होतं. या बासला साध्या तारा चालत नाहीत. साधी तार एका टोकाला गोळी अडकवून दुसरं टोक खुंटीला गुंडाळायची असते; इथे गुंडाळायला खुंटीच नाही, म्हणून दोन्ही टोकांना गोळी, आणि मधली लांबी नेमकी. बसवायला मिनिट लागतं, मिळवायला महिना. आपल्याकडच्या दुकानात क्वचितच असतात. "लास्ट पॅकेट," अंकल म्हणाले. "जपून."

परतीच्या गाडीत बास उभा करून दोन गुडघ्यांत धरला. कुणाला लागला नाही. घरी बाबांनी बॅग उघडून बघितली आणि विचारलं, "हे काय, धोपाटणं आणलंस?" मग पुलावरची अक्षरं वाचली, मी होनर म्हटल्यावर उठून कपाटातला माउथऑर्गन घेऊन आले आणि दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी ठेवून बघत बसले.

जुन्या तारांवर अंकलच्या बोटांचा गंज होता. त्या मी अजून काढलेल्या नाहीत. नवं पाकीट बिस्किटांच्या डब्यासकट माझ्या कपाटात आहे. गेल्या शुक्रवारी दादरला काकूंनी मला चढताना बघितलं, पाठीमागे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "वीणा विकलीस वाटतं?"