वाळूच्या थरावरचा पहारा : हॅम्बुर्ग ते लातूर

१/ १२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्थानकात पोहोचली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू होती. त्या गाडीची छायाचित्रे सर्वांना आठवतात. त्या वाघिणी आधी कोटा येथील रेल्वे कारखान्यात वाफेने धुतल्या होत्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तहान कितीही असो, पाणी पारखूनच द्यावे, ही शिस्त आली कोठून?

२/ १८२९ साली जेम्स सिम्प्सन याने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूची गाळणी बांधली. हेतू एवढाच, की थेम्सचे गढूळ पाणी नितळ व्हावे. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा जन्मलाही नव्हता.

३/ १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीने ८,६०० च्या आसपास माणसे दगावली. हे शहर एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे आल्टोना तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे अधिक घाण पाण्यावर अवलंबून. तरीही ते बव्हंशी बचावले. त्यांच्याकडे वाळूच्या गाळण्या होत्या.

४/ बहुतेक कथने येथेच थांबतात. खरा धडा पुढचा आहे. त्याच हिवाळ्यात आल्टोनातही पटकी उद्भवली. रॉबर्ट कॉखने माग काढला, तेव्हा साफसफाईच्या वेळी कडाक्याच्या थंडीने गोठलेली एक गाळणी सापडली. गाळणी होती, पण ती गाळत नव्हती.

५/ याचे कारण असे, की संथ वाळू-गाळणीचे काम केवळ वाळू करीत नाही. तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची बुळबुळीत साय धरते आणि जंतू प्रामुख्याने तेथेच अडतात. साय खरवडली, की ती पुन्हा धरेपर्यंत पाणी दिसायला नितळ, पण भरवशाचे नसते. म्हणून कॉखने आग्रह धरला : प्रत्येक गाळणीचे पाणी स्वतंत्रपणे, रोज तपासावे, एका घनसेंटीमीटरमध्ये १०० पेक्षा अधिक जंतू नकोत. पाण्याच्या निरीक्षकाला डोळ्यांपलीकडची कसोटी मिळाली ती अशी.

६/ आता नांदेड-लातूरच्या खेड्यांकडे. अनेक गावांत गाळणी नसते. असते विहीर, टाकी आणि टीसीएल पावडर. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला शिकवले जाते ते हे : हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम पावडर, मग थांबायचे, मग ओटी चाचणी. पाणी पिवळसर झाले, तर क्लोरिन शिल्लक आहे. नमुना टाकीजवळचा नव्हे, शेवटच्या नळाचाही हवा. वाटेतली गळकी जलवाहिनी तेथेच उघडी पडते.

७/ पावसाळ्यापूर्वी आणि नंतर स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीभोवतीची घाण, फुटका व्हॉल्व्ह, पावडरीचा साठा यांवरून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग ५ वर्षे हिरवे राखले, तर चंदेरी. (गावच्या राजकारणात लाल कार्ड फार झोंबते, आणि ते बरेच आहे.)

८/ किनवट भागात मात्र ही सारी विद्या अपुरी पडते. तेथील काही भूजलात फ्लोराइड आहे. ते वाळूत अडत नाही, क्लोरिनने जात नाही, चवीला कळत नाही, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दात डागाळतात, हाडे वाकतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने त्यावर तुरटी आणि चुन्याची पद्धत विकसित केली. तिचे नाव ‘नलगोंडा पद्धत’. १९५६ पर्यंत नलगोंडा आणि नांदेड हे एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते.