आपली पानगळ : बुलढाण्याच्या डोंगरातल्या सहलींचा थोडा इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं. आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास अहवालात येणारच आहे, ताळेबंदासकट. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं आज पुण्याला, हैदराबादला, काहींची अमेरिकेत आहेत. ऑक्टोबर लागला की तिकडून लाल-पिवळ्या झाडांचे फोटो ग्रुपवर यायला लागतात. तिकडं लोक खास पानं पाहायला गाड्या काढून जातात. जपानात तर कोणत्या गावी पानं कधी रंगणार याचे अंदाजच जाहीर होतात. आणि दरवर्षी आपल्यातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे असं काही नाही बुवा."

आहे. फक्त महिना वेगळा आहे. आणि पानांच्या हंगामावर नजर ठेवून घराबाहेर पडणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही.

आधी महिन्याचा घोळ मिटवू. शाळेत आपल्याला 'ऑटम' म्हणजे शरद ऋतू असं शिकवलं. शब्दाला शब्द म्हणून ठीक आहे, पण शरद म्हणजे अश्विन-कार्तिक, आणि तेव्हा आपला अजिंठ्याचा डोंगर हिरवागार असतो. त्यात तपकिरी दिसतो तो फक्त साग, आणि तोही ऋतूमुळे नाही. पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या पानांवर अळी पडते आणि पानाची अक्षरशः जाळी करते. आपली खरी पानगळ शिशिरातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली. थंड मुलखातलं झाड थंडीच्या आणि लहान होत जाणाऱ्या दिवसाच्या इशाऱ्यानं पानं टाकतं. आपल्याकडचं झाड पाण्याच्या टंचाईनं टाकतं. पानातून पाणी उडून जातं, जमिनीत ओल उरलेली नसते, तेव्हा खर्च बंद करून शिल्लक राखायची. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे झाडाचं वागणं लगेच पटतं.

हे एका दिवसात होत नाही, म्हणून पाहण्यात गंमत आहे. जानेवारीत मोईचं झाड उघडं पडतं. मग सालई. धावड्याची पानं गळण्याआधी तांबूस होतात, आणि चढत्या उन्हात धावड्याचा उतार पाहिला तर काश्मीरच्या चिनाराची आठवण यावी. तिकडचा चिनार मी एलएफसीवर जाऊन पाहिलेला आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. कडईचं झाड, ज्याला काही जण कांडोळ म्हणतात, ते पानं गेल्यावर पांढरंफटक दिसतं. संध्याकाळी घाटात अनोळखी माणूस दचकावा इतकं. त्याच दिवसांत काटेसावरीला बिनपानाच्या फांदीवर लाल फुलं येतात, फाल्गुनात पळस पेटतो. आणि आपल्या पानांचा खरा लाल रंग गळताना नसून येताना असतो. कुसुमाची कोवळी पालवी लालभडक, मोहाची आणि पिंपळाची तांब्यासारखी. अमेरिकेतलं पान जाताना रंगतं, आपलं येताना. हा फरक नातवंडांना सांगण्यासारखा आहे.

आता इतिहास. पानांसाठी गावाची शीव ओलांडायची आपली सगळ्यात जुनी रीत म्हणजे दसऱ्याचं शिलंगण. संध्याकाळी गावाबाहेर जायचं, शमीची पूजा करायची, आपट्याची पानं आणायची आणि ती 'सोनं' म्हणून थोरामोठ्यांच्या हातात द्यायची. आपण याला सण म्हणतो, पण याच्यामागे हवामानाचा व्यवहारी हिशेब आहे. पावसाळ्यात नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या, बैल आणि घोडी चालत नाहीत. अश्विनात पाणी उतरतं, गवत भरपूर असतं, आणि मग फौजा बाहेर पडतात. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला, म्हणजे तेव्हाच्या शकरखेड्याला, ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये निजामाचं राज्य पक्कं झालं. गावाला फत्तेखेर्डा हे नाव त्या लढाईमुळे मिळालं. शेजारच्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, अकोला जिल्ह्यातली अडगावची २९ नोव्हेंबर १८०३ ची. तारखा पाहिल्या की लक्षात येतं, राजकारण कुणाचंही असो, दिवस आपट्याच्या पानांनीच ठरवले होते. देऊळगावराजाच्या बालाजीची मोठी यात्राही अश्विनातलीच. घाटावरचे लोक बैलगाड्या जुंपून तिकडं जात. या यात्रेला सहल म्हणायचं का? माझ्या मते म्हणायला हरकत नाही. देवदर्शन, पाळणे, खरेदी आणि नातेवाइकांच्या भेटी, सगळं एका फेरीत.

पानगळीशी जोडलेली दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या शिकारीला गेला होता आणि वाघूर नदीच्या खोऱ्यात त्याला लेण्यांची कमान दिसली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तारीख २८ एप्रिल १८१९. दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. (लेण्यात नाव कोरायची खोड कुणाची, हे इथं कळतं.) ही तारीख एप्रिलची आहे हे मात्र फारसं कुणी लक्षात घेत नाही. तेव्हा डोंगराची झाडं निष्पर्ण असतात. शिकारी त्याच दिवसांत जात, कारण जनावर लांबून दिसतं आणि पाण्यावर हमखास येतं. हाच माणूस श्रावणात गेला असता तर समोरच्या कड्यावर त्याला हिरव्या झाडोऱ्याशिवाय काही दिसलं असतं का? हा माझा कयास आहे, पुरावा नाही. पण बुलढाण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, तेव्हा एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा एप्रिलमध्ये जाऊन पाहा आणि स्वतःच ठरवा.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८२३ मध्ये, सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्यानं लोणारच्या विवराची नोंद केली. अर्थात लोणार तेव्हा 'सापडलं' असं म्हणणं हास्यास्पद आहे. ऐन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे, तिथल्या क्षारांचा काच आणि साबण करायला उपयोग होतो असंही लिहिलंय. आणि दैत्यसूदनाचं देऊळ त्याच्याही आधीचं. इंग्रजांनी नोंद केली, एवढंच. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली काठापासून दीडशे मीटरच्या आसपास. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर बातम्या झाल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. माझं म्हणणं असं, की लोणार पावसाळ्यानंतर हिरवं असताना सुंदर दिसतं, पण समजतं ते पानगळीत. उताराची झाडं उघडी झाली की विवराची वाटी स्पष्ट दिसते, दाट झाडीतली देवळं काठावरून ओळखू येतात. शिवाय एक गोष्ट कळते. आपली झाडं पानं टाकून बसलेली असताना तळाशी जे हिरवं रान दिसतं, त्यात बराच भाग विलायती बाभळीचा आहे. ती काढायचं काम वेळोवेळी होतं आणि ती पुन्हा उगवते.

सिंदखेडराजाचाही उल्लेख इथं केला पाहिजे, कारण तिथं जायचा दिवस शिशिराच्या तोंडावरच येतो. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस. त्या दिवशी राजवाड्यावर गर्दी मावत नाही. ज्यांना मोती तलाव, चांदणी तलाव आणि लखुजीराव जाधवांची समाधी निवांत पाहायची आहे, त्यांनी आठवडाभरानं जावं.

आपल्या गावाकडे येऊ. बुलढाणा म्हणजे भिलठाणा, भिल्लांचं ठाणं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे १८६७ च्या सुमारास जिल्ह्याचं ठाणं इथं आलं. मेहकर जुनं, मलकापूर मोठं, खामगाव पैशाचं. तरी निवड झाली ती घाटावरच्या थंड हवेमुळे. म्हणजे एका अर्थानं आपलं गावच साहेबांच्या हवापालटाच्या सोयीतून मोठं झालं. साहेब वर, कापूस खाली. खामगावच्या कापसासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले. घाटावरच्या कापसाच्या गाड्या खाली उतरायच्या. 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' ही भाषा आजही आपल्या सोसायटीत सुनेच्या माहेराबद्दल बोलताना कानावर येते.

घाटाखालचं मोठं ठिकाण शेगाव. गजानन महाराज प्रकट झाले ती तारीख २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना ते लोकांना प्रथम दिसले, ही कथा घराघरात माहीत आहे. माघात पायी वारीनं बोथ्याच्या घाटातून शेगावला जाणाऱ्यांनी पानगळ जितकी जवळून पाहिली असेल तितकी कुण्या पर्यटकानं पाहिली नसेल. वाळल्या सागाच्या पानावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो.

आमच्या नोकरीच्या काळात सहल म्हणजे दोनच प्रकार. एक, एलएफसी घेऊन लांबचा प्रवास, त्यात काश्मीर, कन्याकुमारी वगैरे. दुसरा, शाखेतली मंडळी रविवारी एसटीनं किंवा भाड्याच्या मेटॅडोरनं निघून बोथ्याच्या जंगलात, पलढगच्या तलावाकडे किंवा पैनगंगेच्या उगमाला मढजवळ बुधनेश्वरला जाणं. पौषात हुरडा, माघात रोडगे. शेणाच्या गोवऱ्यांवर रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. आपल्या सोसायटीच्या पहिल्या काही वर्षांतल्या सहलीही अशाच होत. गेल्या पाच-सहा वर्षांत त्या थांबल्या. आधी कोरोना, मग कुणाचे गुडघे, कुणाचं मोतीबिंदू, आणि पहिल्या सहलीतले सहा सभासद आज आपल्यात नाहीत.

पुन्हा जायचं तर जुन्या पद्धतीनं जाता येणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बोथ्याचं जंगल त्यातच येतं. तिथं चूल पेटवायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. फेब्रुवारीपासून जमिनीवर वाळल्या पानांचा थर साचतो, वनखातं जाळरेषा काढतं, तरी एका विडीच्या थोटकानं किंवा मोहाखालची पानं जाळताना सुटलेल्या जाळानं वणवा लागतो. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ तेलंगण आणि मराठवाडा हिंडून, तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगेत आला. रस्ते, शेतं, गावं ओलांडून आलेल्या त्या जनावराला आपल्याकडे आडोसा मिळाला तो याच झाडोऱ्यात. आपल्या रोडग्यांपायी तो जळायला नको.

तेव्हा येत्या माघासाठी माझी सूचना अशी. दिवस सुट्टी पाहून न ठरवता झाडं पाहून ठरवावा. धावडा तांबूस झाला आणि पळसाला कळ्या दिसल्या की पुढचा रविवार. सकाळी सहाला बस. ज्यांना चालता येत नाही त्यांनी खिडकीजवळ बसावं, बोथ्याचा घाट बसमधूनही दिसतो, आणि ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगायचं काम माझं. खामगाव, शेगाव करून दुपारचं जेवण अभयारण्याच्या बाहेर. रोडगे आदल्या रात्री सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत भाजून न्यायचे, आधी तिथला पाला झाडून. दुसरी फेरी फाल्गुनात लोणारची: ज्यांना झेपेल ते खाली उतरतील, बाकीचे काठावर सावलीत बसतील. आणि दसऱ्याचं म्हणाल तर बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या विकायला येतात, झाडं ओरबाडलेली असतात. सोसायटीच्या पूर्वेच्या कुंपणालगत दोन आपटे लावायची जागा आहे. नावं सचिवांकडे द्यावीत, सहलीचीही आणि खड्डे खणायला येणाऱ्यांचीही.