तंबाखूचा रकाना

आयुर्विम्याच्या प्रस्तावात तंबाखूविषयी एक प्रश्न असतो. त्याच्या उत्तरासाठी कोणी अर्धे मिनिटही घालवत नाही. पुष्कळदा विमा प्रतिनिधीच ‘नाही’ लिहून मोकळा होतो. त्या उत्तराची किंमत मात्र ते देणाऱ्याला सहसा मोजावी लागत नाही. ती त्याच्या पश्चात वारसांकडून वसूल होते. हा पेच समजून घेण्यासाठी थोडे इतिहासात जायला हवे.

विमा हा परम सद्भावाचा करार आहे, हे तत्त्व १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ‘कार्टर विरुद्ध बोएम’ या खटल्यात मांडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुमात्रा बेटावरील किल्ल्याचे गव्हर्नर कार्टर यांनी शत्रूच्या ताब्यात किल्ला जाण्याविरुद्ध विमा घेतला होता. पुढे फ्रेंचांनी तो जिंकला. जे एकाच पक्षाला ठाऊक आहे ते त्याने दडवू नये, असे मॅन्सफील्ड यांनी सांगितले. परंतु निकाल कार्टर यांच्या बाजूने दिला. जो धोका विमाकर्त्याला स्वतः ताडता आला असता, त्याविषयी त्याला मागाहून तक्रार करता येणार नाही, हा त्याचा मथितार्थ. म्हणजे सचोटीचे बंधन प्रारंभापासून उभय पक्षांवर आहे. उत्तरार्ध मात्र आपण विसरलो.

आपल्याकडे १९३८ च्या विमा अधिनियमातील कलम ४५ ने हाच तोल साधण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षे उलटल्यावर केवळ चुकीच्या माहितीच्या आधारे पॉलिसी नाकारता येणार नाही. कपट सिद्ध करावे लागेल, असा नियम झाला. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिठूलाल नायक प्रकरणात तीन कसोट्या सांगितल्या: दडवलेली बाब महत्त्वाची असावी, ती कपटाने दडवलेली असावी आणि विमेदाराला तिची जाणीव असावी. त्या खटल्यात आजार लपवल्याचे सिद्ध झाले व दावा फेटाळला गेला.

तंबाखू या हिशेबात उशिरा आली. डॉल व हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकी सर्जन जनरलचा अहवाल आला. त्याच वर्षी तेथील स्टेट म्युच्युअल कंपनीने धूम्रपान न करणाऱ्यांना कमी दर देऊ केला. भारतात २००० साली खासगी कंपन्यांना दार उघडल्यानंतर मुदत विम्यात असे दोन दर रूढ होत गेले. एका ‘नाही’मुळे हप्ता कमी होऊ लागला. अर्थशास्त्राच्या भाषेत, असत्याला बाजारभाव मिळाला.

परंतु दराची ही विभागणी सिगारेटच्या देशात जन्मली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते, १०.७ टक्के ओढणारे, तर २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे. बिहारमधील खैनी, पूर्वेकडचा गुंडी, आपल्याकडची मशेरी. दात घासण्यासाठी मशेरी वापरणारी स्त्री ‘आपण धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नाही. ‘कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेता का?’ असे विचारले तरी मशेरीला ती तंबाखू मानतेच असे नाही. कोटिनिनची चाचणी मात्र बिडी आणि मशेरी यांत भेद करीत नाही.

२०१५ च्या सुधारणेने कलम ४५ ची मुदत तीन वर्षे केली. त्यानंतर कोणत्याही कारणास्तव पॉलिसीला आव्हान देता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र कपटाचा आरोप झाला आणि विमेदार हयात नसला, तर तो खोडून काढण्याची जबाबदारी लाभार्थ्यांवर टाकलेली आहे. नवऱ्याने कधी, कोणासमोर, कोणत्या समजुतीने सही केली, हे विधवेने सिद्ध करायचे! विमेदाराला ठाऊक असलेली गोष्ट दडवली गेली, पण तिचा जाब जिला ती ठाऊकच नव्हती तिला द्यावा लागतो.

‘तीन वर्षे निभावली की झाले’ असा सल्ला देणारे भेटतात. मृत्यू मुदत पाहून येत नाही, हे एक. दुसरे असे की, विम्याचा निधी हा सर्वांच्या हप्त्यांतून उभा राहतो. एकाने चोरलेला दर इतर हजारो प्रामाणिक माणसे भरतात.

म्हणून उपाय दुहेरी हवा. प्रस्तावात बिडी, खैनी, गुटखा, मशेरी ही नावे विमेदाराच्या भाषेत स्पष्ट लिहावीत आणि उत्तर प्रतिनिधीने नव्हे, विमेदाराने स्वतः भरावे. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तर, जेथे अर्जाची भाषा घरची नसते, सही करण्यापूर्वी तो रकाना वाचून घ्यावा आणि पत्नीलाही वाचून दाखवावा. हप्ता थोडा वाढेल. पण उद्या त्या रकान्यापुढे उभे राहण्याची वेळ तिच्यावर आली, तर तेथे काय लिहिले आहे हे तिला ठाऊक असेल, आणि ते खरे असेल.