साडूंची चाळणी

आमच्या इंदापूरच्या साडूंना आयुष्यात दोन गोष्टी कधी थांबवता आल्या नाहीत. एक स्वतःचं बोलणं आणि दुसरी स्वतःची मोटार. पहिलीचा त्रास घरादाराला आहे. दुसरीचा त्रास, देवाच्या दयेनं, फक्त रस्त्यावर असणाऱ्यांना.

मोटार म्हणजे एम. जी. बी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत ही जात निघत होती. बसायला दोन माणसं, छप्पर कापडाचं, आणि जमिनीपासून उंची एवढी कमी की शेजारून शेळी गेली तर तिच्याशी नजरानजर होते. मुंबईत एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली ही गाडी साडूंनी उसाच्या बिलातून सोडवून आणली. त्या वर्षी ताईच्या पाटल्या राहिल्या, त्या राहिल्याच.

गेल्या गाळप हंगामात दोघं रात्री बारामतीहून परत येत होते. सणसरच्या पुढे रस्त्यात अचानक ऊस उभा राहिला. शेतातला नव्हे, ट्रॉलीतला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. साडूंनी ब्रेक दाबला, तर पेडल थेट फळीला टेकलं. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. थांबली तेव्हा उसाची टोकं काचेपासून वीतभर अंतरावर होती. त्या रात्री साडू घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं ताई सांगते.

सकाळी मात्र फोन आला. “मास्तर, डिस्का बदलायच्या. भोकांच्या घ्यायच्या, चिरा पाडलेल्या. इंग्लंडातला भाचा पाठवतोय. तुम्ही इतिहास शिकवलाय ना, जरा चौकशी करा.”

शिवकालाच्या अलीकडे न आलेला मी माणूस. पण साडूंपुढे नाही म्हणायची सोय नसते.

आपल्याकडे मोटारीच्या आधी ब्रेक म्हणजे बैलच. उतारावर तो मानेवर जू झेलून मागे रेलायचा. फारच झालं तर चाकाखाली दगड. साहेबाच्या देशातही फार निराळं नव्हतं. डोंगराळ डर्बीशायरमध्ये गाडीवान लाकडी ब्रेकला जुने बूट बांधतात, हे हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थानं पाहिलं, आणि त्यातून १८९७ साली ब्रेकच्या लायनरचा धंदा उभा राहिला, असं म्हणतात. त्याच्याही आधी, १८८८ साली, बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत तिनं चांभाराकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे मोटारीला पहिल्यांदा नीट थांबवलं ते माहेरी निघालेल्या बाईनं. हा भाग मी ताईला मुद्दाम दोनदा सांगितला.

चकतीला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायची कल्पना लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरची, पेटंट १९०२ चं. पण त्यानं घासायला तांबं वापरलं आणि ते असं किंचाळलं की लोकांनी चकतीचा नाद सोडला. पुढे १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जग्वार पहिली आली, आणि मग सगळ्यांना चकती आठवली. साडूंच्या गाडीलाही पुढे डिस्कच आहे, मागे ड्रम.

आता भोकं. शर्यतीत डिस्क लाल होईपर्यंत तापायची. त्या काळच्या पॅडमधला चिकट मसाला जळून त्याचा वायू व्हायचा, आणि पॅड व चकती यांच्यामध्ये त्याचा थर बसून ब्रेक निसटायचा. वायूला वाट म्हणून भोकं पाडली. शिवाय वजनही घटलं. चिरा पॅडचा गुळगुळीतपणा खरवडतात. पुढे पॅडचा मसालाच सुधारला, वायू जवळजवळ गेला, भोकं राहिली. लोखंड कमी झालं की उष्णता प्यायला जागा कमी, आणि तडा जायचा झाला तर भोकापासूनच सुरू होतो.

“म्हणजे झारा,” ताई म्हणाली. तिनं एका शब्दात उरकलं.

साडू ऐकेनात. शेवटी बारामतीच्या एका मेकॅनिककडे गेलो. पोरगा विशीतला. त्यानं चाक हातानं फिरवून पाहिलं, ते फिरेना. मग ब्रेकचं ऑइल बाटलीत काढलं. हॉटेलात सकाळपासून उकळत ठेवलेल्या चहाचा रंग. “काका, किती वर्षं बदललं नाही?” साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, हे मला तिथं कळलं. पाण्यानं ते लवकर उकळतं. त्यात साडूंच्या गाडीचा रबरी पाइप आतून सुजलेला. दाब जायचा, परत यायचा नाही. म्हणजे बारामतीपासून पॅड चकतीला चिकटून घासत आले, सणसरपर्यंत ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली आणि साडूंनी दाबली ती वाफच. भोकांच्या चार चाळण्या लावल्या असत्या तरी पेडल फळीलाच टेकलं असतं.

भाच्याकडून पाइप आले, पॅड आले, आणि जुन्या चकत्या झिजून पातळ झाल्या होत्या म्हणून नव्या आल्या. साध्या, सपाट. पोरानं त्या बसवल्या, एअर काढली, आणि हात पुसत आपल्या मोटरसायकलवर बसून निघून गेला. तिच्या पुढच्या डिस्कला ही एवढी भोकं. साडू त्या चाकाकडे वळणापर्यंत बघत राहिले.

ताई आता पुन्हा गाडीत बसते. तिचा उजवा पाय अजून पुढची फळी दाबतो, पण सणसर गेलं की निमगाव केतकीपर्यंत तो बराचसा सैल होतो.